ओलं अंतर

मननाला बसताना कुणी ज्योत समोर ठेवतं, कुणी नाम घेतं, कुणी नुसता श्वास. आपण आज शेंबूड घेऊ. नाक मुरडायचं असेल तर मुरडून घ्या आणि मग सावकाश बसा. पाठ ताठच हवी असं नाही. डोळेही मिटायचे नाहीत, कारण वाचायचं आहे. वाचण्याचा वेग मात्र निम्मा करा, आणि जिथे थांबा म्हटलंय तिथे खरंच थांबा.

नाकाने एक श्वास आत घ्या. मुद्दाम खोल नको, रोजचाच.

दिवसभरात साधारण १० हजार लिटर हवा या वाटेने आत जाते. तिच्यासोबत रस्त्यावरची धूळ जाते, परागकण जातात, बुरशीचे बीजाणू, उदबत्तीचा धूर, बसमध्ये शेजारी शिंकलेल्याचे तुषार. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना वळकट्या आहेत. त्यांच्यामुळे हवेला सरळ जाता येत नाही. ती वळते, आणि वळताना जड कण कडेला आपटतात. कडा ओली आहे, म्हणून आपटलेला कण तिथेच चिकटतो. इथून सुटलेले कण खाली छातीत, फांद्यांवर फांद्या फुटत गेलेल्या श्वासनलिकांच्या भिंतींना लागतात. त्यातूनही सुटणारे अगदी बारीक कण वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथली व्यवस्था वेगळी आहे, तिकडे आज जायचं नाही.

धूळ चिकटते एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ती ज्याला चिकटते तो ओलावा सतत चालत असतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एक जुनी, स्वस्त तपासणी आहे. सॅकरिनचा बारीकसा कण नाकपुडीच्या आत, खालच्या वळकटीवर ठेवायचा. मग रुग्णाने नुसतं बसून राहायचं. शिंकायचं नाही, नाक वर ओढायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. अधूनमधून आवंढा तेवढा गिळायचा. पाच मिनिटं जातात, दहा जातात, काही होत नाही. मग कधीतरी घशाशी, जिभेच्या मुळाशी गोड लागतं. डॉक्टर घड्याळ बघून वेळ लिहून घेतात. वीसेक मिनिटांच्या आत गोड लागलं तर ठीक. अर्धा तास उलटून गेला आणि चव आलीच नाही, तर आतली वाहतूक मंदावलेली आहे.

त्या खुर्चीत स्वतःला बसवून बघा. चेहऱ्याच्या आत, गालाच्या हाडामागे, एक ओला थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने मागे सरकतो आहे आणि त्याच्या पाठीवर एक कण आहे. तुम्हाला त्यातलं काहीही जाणवत नाही. थर हलवणारे रोम पेशींच्या टोकांवर आहेत, एकेका पेशीवर दोनएकशे. सेकंदाला दहा-बारा वेळा ते फटकारतात. पुढे जाताना ताठ होऊन टोक थरात रुतवतात, परतताना वाकून थराखालून येतात. शेजारची पेशी किंचित मागून तेच करते, त्यामुळे सगळ्या भिंतीवरून लाट जात राहते. तुम्ही झोपलात तरी जाते. रागावलात, कुणाशी भांडलात, परीक्षेत नापास झालात, तरी जाते.

इथे थांबा. दोनचार श्वास जाऊ द्या.

आता दिशा बघा. नाकातला थर मागे घशाकडे येतो. छातीतला थर वर घशाकडे येतो, म्हणजे दिवसभर उभ्याने वावरणाऱ्या माणसात तो चढ चढतो. दोन्ही घशाशी भेटतात आणि आपण ते गिळून टाकतो. धडधाकट माणूस रोज, कळत नकळत, हेच करतो. नाक वर ओढणाऱ्या पोराला आपण खेकसतो, पण त्याच्यात आणि आपल्यात फरक फक्त आवाजाचा आहे.

गिळलेल्या त्या घोटाबरोबर आपणही खाली जाणार आहोत, पण घाई नको. आधी तो पदार्थ जवळून पाहू.

त्यात बहुतेक पाणीच असतं, शंभर भागांत ९७-९८ भाग. थोडे क्षार. थोडी प्रतिपिंडं. जंतूंचं कवच विरघळवणारी काही प्रथिनं. त्यातलं लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सापडलं ते सर्दीच्या नाकातून आलेल्या स्रावातच. १९२२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. बुरशीची ती बशी जगप्रसिद्ध झाली, नाकाची गोष्ट मागे राहिली. साहजिक आहे, पाठ्यपुस्तकात शेंबडाचं चित्र कोण छापणार?

हे सगळं वगळून जे उरतं, शेकड्याला एखादा भाग किंवा त्याहूनही कमी, ते म्हणजे म्युसिन. पाण्याला चिकट, ताणता येणारं, अंगावर राहणारं रूप देतात ती ही प्रथिनं. यांच्यावर जरा रेंगाळू.

एक लांबलचक दोरा कल्पा. दोरा प्रथिनाचा, पण त्याचा मोठा भाग उघडा दिसतच नाही, कारण त्याला चहूबाजूंनी साखरेच्या छोट्या-छोट्या साखळ्या फुटलेल्या आहेत, इतक्या दाट की दोरा दुमडूच शकत नाही, ताठ राहतो. वजन केलं तर निम्म्याहून जास्त, कधी ८० टक्क्यांपर्यंत, साखरच भरते. आपण ज्याला प्रथिन म्हणतो ते इथे साखर अडकवायची खुंटी होऊन बसलं आहे. दोऱ्यांची टोकं एकमेकांना गंधकाच्या बंधांनी जोडलेली, त्यातून जाळं तयार होतं. साखर पाणी धरून ठेवते आणि जाळं साखरेला.

हे दोरे बनतात चषक पेशींमध्ये आणि भिंतीखालच्या ग्रंथींमध्ये. बनल्यावर लगेच बाहेर येत नाहीत. बारीक पुड्यांमध्ये दाबून भरून ठेवलेले असतात. पुडीच्या आत आम्लता आणि भरपूर कॅल्शियम. कॅल्शियम त्या साखरेच्या केसांना आवळून धरतं. पेशीला इशारा मिळाला की पुडी फुटते, बाहेरचं बायकार्बोनेट कॅल्शियम काढून घेतं, आणि दोरे पाणी पिऊन शंभर पटीहून जास्त फुगतात. फालुद्यातला सब्जा आठवा: कोरडा असताना मोहरीहून बारीक, भिजला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत वलय. फरक इतकाच की सब्जाला काही मिनिटं लागतात आणि पेशीच्या पुडीचं काम क्षणात होतं.

या प्रथिनांची नावं सरकारी दप्तरातल्यासारखी आहेत. श्वासमार्गात मुख्य दोन, म्यूक५बी आणि म्यूक५एसी. आतड्यात म्यूक२. त्यातलं म्यूक२ पाच हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं आहे. इन्सुलिनमध्ये ५१ असतात, म्हणजे आकाराचा अंदाज यावा. एवढा ऐवज शरीर रात्रंदिवस विणतं, आणि तोही काही वेळातच वाहून जावा म्हणून.

थांबा. एकदा आवंढा गिळा.

मग हे विणणं बंदच केलं तर? २०१४ साली अमेरिकेत ह्यूस्टन आणि कोलोरॅडोच्या संशोधकांनी उंदरांमध्ये तसं करून पाहिलं. म्यूक५एसी काढून घेतलं, तर फारसं काही बिघडलं नाही. म्यूक५बी काढल्यावर मात्र श्वासमार्गात कचरा साठत गेला, जंतू मुक्कामाला आले, फुप्फुसं सतत सुजलेली राहिली, पुष्कळ उंदीर मेले. पण जास्त असणंही बरं नाही. २०११ साली आढळलं की म्यूक५बीच्या जनुकाआधीच्या भागातला एक छोटासा फरक, ज्याने हे प्रथिन जास्त बनतं, तो असलेल्या माणसांना फुप्फुसं निबर होत जाण्याचा आजार होण्याची शक्यता बरीच वाढते. आणि दम्याच्या तीव्र झटक्यात बारीक नळ्या बुचासारख्या बंद करणाऱ्या कफात म्यूक५एसी भरलेलं असतं. उंदराला ज्याची उणीव भासली नाही, तेच इथे श्वास कोंडतं.

रोमांच्या मुळाशी काय आहे, हा प्रश्न बरीच वर्षं कुणी नीट विचारला नव्हता. वर चिकट थर, खाली पातळ पाणी, त्या पाण्यात रोम हलतात, असं चित्र पुस्तकांत होतं. पण मग वरचा थर पाण्यात मिसळून का जात नाही? २०१२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की खाली नुसतं पाणी नाहीच. रोमांना स्वतःलाच बांधून ठेवलेले म्युसिनचे दुसरे दाट दोरे आहेत आणि त्यांची गर्दी वरच्या थराला आत शिरू देत नाही. जोवर खालची गर्दी वरच्यापेक्षा दाट, तोवर सगळं चालतं. वरचा थर सुकला, घट्ट झाला, की तो खालचं पाणी ओढून घेतो, रोमांवर बसतो आणि त्यांना आडवं पाडतो. वाट बंद. आता उरतो खोकला. त्याच विद्यापीठातून २०१७ साली आलेल्या अभ्यासात धूम्रपानाने फुप्फुसं बिघडलेल्यांच्या कफात म्युसिनचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

बिडी-सिगारेट कधी हातात न धरलेल्यांनाही हे होतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली लॅन्सेटमध्ये यावर सविस्तर लिहिलं, आणि कारणांमध्ये चुलीचा धूर मोठा मानला. फुंकणीने जाळ धरत वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईचं सकाळचं खोकणं आपल्याकडे वयाच्या खात्यावर टाकलं जातं. त्या खोकल्याकडे आता लक्ष देऊन बघा. आपोआप चालणारी वाट बुजली म्हणून ती बाई अंगातलं सगळं बळ लावून हाताने करावं तसं ते काम करते आहे.

वाट बुजण्याची सगळ्यात उघडी गोष्ट सिस्टिक फायब्रोसिसची. न्यूयॉर्कमध्ये डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, ते शवविच्छेदनाच्या टेबलावरून. दहा वर्षांनी त्या शहरात उन्हाची लाट आली तेव्हा हा आजार असलेली मुलं इतरांपेक्षा जास्त कोसळू लागली. पॉल डी सांताग्नीज यांनी त्याचा माग काढत १९५३ साली दाखवलं की या मुलांच्या घामात मीठ खूप जास्त असतं. कफाच्या आजाराचं निदान घामावरून होऊ लागलं! घामात मीठ का राहतं ते १९८३ साली पॉल क्विंटन यांनी शोधलं. या रुग्णांच्या घर्मग्रंथीची नळी क्लोराइड परत आत घेऊ शकत नाही. क्विंटन यांना स्वतःला हा आजार आहे आणि प्रयोगाला लागणाऱ्या घर्मग्रंथी त्यांच्या अंगावर होत्याच. १९८९ साली जनुक सापडलं. ते ज्या दाराचा आराखडा देतं त्यातून क्लोराइड जातं आणि बायकार्बोनेटही.

इथे मागचं आठवा: पुडी फुटते, बायकार्बोनेट कॅल्शियम काढून घेतं, दोरे मोकळे होतात. बायकार्बोनेटच आलं नाही तर दोरे अर्धवट आवळलेले राहतात. क्विंटन पुढे हाच मुद्दा धरून बसले. २०१४ साली आयोवा विद्यापीठात हा आजार असलेल्या डुकरांच्या पिलांमध्ये दिसलं की ग्रंथीतून बाहेर आलेले कफाचे धागे ग्रंथीच्या तोंडापासून सुटतच नाहीत. रोम ओढतात, धागा ताणला जातो, सुटत नाही.

उपायांतला एक समुद्रातून आला. ऑस्ट्रेलियातले काही रुग्ण लाटांवर फळी घेऊन खेळून आले की त्यांना छाती मोकळी वाटायची. त्यावरून खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार ओढून बघितले गेले. मीठ श्वासमार्गाच्या भिंतीवर पाणी खेचतं, थर पातळ होतो. ७ टक्के मिठाच्या द्रावणाची चाचणी २००६ साली छापून आली आणि तो उपाय रूढ झाला. २०१९ साली अमेरिकेत तीन औषधं मिळून एक उपचार मंजूर झाला. तो बिघडलेलं दारच बऱ्याच अंशी चालू करतो. त्याचा वर्षाचा खर्च तिथे तीन लाख डॉलरच्या वर ठेवला गेला. मिठाचं पाणी त्यामानाने फुकटच म्हणायचं.

आता घशाशी या. तो घोट खाली जाऊ द्या.

जठर. इथलं आम्ल मांस विरघळवतं, आणि जठर स्वतः मांसाचंच आहे. त्याच्या भिंतीवर पुन्हा म्युसिनचा थर, त्यात वरून म्यूक५एसीच, श्वासमार्गातलं ओळखीचं. भिंतीतल्या पेशी त्या थरात बायकार्बोनेट सोडतात. थर ते सहज वाहून जाऊ देत नाही. त्यामुळे आतल्या पोकळीत लिंबाच्या रसाहून आंबट, आणि मिलिमीटरभर अंतरावर, भिंतीला लागून, जवळजवळ पाण्यासारखं. दोन्हींच्या मध्ये पडदा नाही, हाड नाही, चामडं नाही. फक्त ओलं अंतर.

या थरातून जाणारा एक जंतू मात्र आहे. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हेलिकोबॅक्टर पायलोरीचं मिश्रण स्वतः पिऊन दाखवलं, त्यांना जठराचा दाह झाला, आणि २००५ साली रॉबिन वॉरेन यांच्यासोबत नोबेल मिळालं. जंतू मळसूत्रासारखा वळणदार असल्याने तो थर पोखरत जातो असं वाटायचं. बॉस्टन विद्यापीठात रमा बन्सिल यांच्या गटाने २००९ साली दाखवलं की प्रकार वेगळा आहे. तो युरियापासून अमोनिया बनवतो, आजूबाजूची आम्लता कमी करतो, आणि तेवढ्या भागातलं म्युसिन घट्टपणा सोडून पातळ होतं. मग तो पोहत जातो.

लहान आतड्यातून लवकर पुढे जाऊ. तिथे अन्न शोषून घ्यायचं असतं, म्हणून थर एकच, सैल, भिंतीला न चिकटलेला.

मोठ्या आतड्यात मात्र बसायचं आहे.

माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून जवळपास ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक इथे राहतात. त्यांच्या आणि आपल्यामध्ये पेशींचा एकच पदर. एका पेशीच्या जाडीचा. जन्मभर सूज येत नाही, बहुतेकांना तरी. हे कसं जमतं?

उत्तर कित्येक दशकं काचेच्या पट्टीवरून धुऊन जात होतं. आतड्याचा तुकडा तपासायचा तर तो आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात. फॉर्मालिन पाण्यातलं. त्यात आणि पुढच्या धुण्यात म्युसिनचा थर आकसतो, निघून जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्वच्छ दिसतात. विकृतिशास्त्राच्या पिढ्यान् पिढ्या त्या स्वच्छ कडेकडे बघत शिकल्या. स्वीडनमधल्या गोथनबर्ग विद्यापीठात गुन्नर हान्सन आणि मालिन योहान्सन यांच्या गटाने पाणी नसलेलं जुनं कार्नॉय मिश्रण वापरलं: अल्कोहोल, क्लोरोफॉर्म, ॲसेटिक आम्ल. आतली विष्ठासुद्धा काढली नाही. जे जिथे आहे तिथेच थिजवलं. मग म्यूक२ला एक रंग दिला, जिवाणूंच्या जनुकीय खुणेला दुसरा, पेशींच्या केंद्रकांना तिसरा.

ते चित्र डोळ्यांपुढे आणा, घाई न करता. एका बाजूला केंद्रकांची ओळ. दुसऱ्या बाजूला जिवाणूंची दाटी, मोजता न येणारी. मधे एक पट्टा. पट्ट्यात म्यूक२चे एकावर एक सपाट थर, आणि जिवाणू एकही नाही. उंदरात या पट्ट्याची जाडी सुमारे ५० मायक्रोमीटर, आपल्या केसाहून कमी. माणसात काही पट जास्त. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला शरीराचीच विकरं जाळ्यातले काही धागे तोडतात, जाळं फुगून सैल होतं, आणि तिथून पुढे जिवाणूंची वस्ती सुरू होते. २००८ साली हे छापून आलं.

पट्टा स्थिर नाही. भिंतीकडून नवा बनतो, बाहेरच्या कडेने सैल होऊन जातो. उंदरात आतला थर तासाभरात नवा होतो.

म्यूक२ नसलेले उंदीर बनवून पाहिले गेले. त्यांच्यात जिवाणू भिंतीला येऊन टेकलेले असतात, भिंतीतल्या खोल खाचांमध्ये उतरलेले असतात. मोठं आतडं सुजतं. पुढे आतड्यात गाठी होतात, कर्करोगाच्या. जिवाणू तेच, पेशी त्याच, फक्त मधली जागा नाही.

इथे बराच वेळ थांबा.

रोगप्रतिकाराची आपली सगळी भाषा लढाईची आहे. फौज, शत्रू, हल्ला, नायनाट. लस आली की रणशिंगं, साथ आली की युद्धपातळी. त्या भाषेतही तथ्य आहे, फ्लेमिंगच्या लायसोझाइमला कवच फोडताच येतं. पण सगळ्यात मोठी गर्दी जिथे आहे तिथे शरीर मुख्यतः लढत नाही. मधे जागा ठेवतं, आणि ती जागा तासातासाला पुन्हा बनवतं. समोरच्याला मारत नाही, घालवूनही देत नाही. त्याला खायलाही घालतं, कारण थराच्या बाहेरच्या बाजूची साखर जिवाणूंचं अन्नच आहे. २००४ साली नेदरलँड्समध्ये मुख्यतः म्युसिनवर जगणारा एक जिवाणू शोधला गेला, ॲकरमॅन्सिया म्युसिनिफिला. निरोगी माणसांच्या आतड्यात तो सर्रास असतो. आपला थर खाणारा पाहुणा, आणि त्याच्या असण्याने काही बिघडत नाही.

साखर आणखी एक काम करते असं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काथरिना रिबेक यांच्या प्रयोगशाळेला दिसलं. स्यूडोमोनास हा जंतू जखमांना आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या फुप्फुसांना छळणारा. २०१९ साली त्यांच्या गटाने म्युसिनवरच्या साखरेच्या साखळ्या सोडवून त्याच्यावर टाकल्या. जंतू मेला नाही. त्याची विषारी कामं करणारी जनुकं मंदावली. तो असा शांत का होतो यावर अजून काम चालू आहे, पण एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. ज्या चिकट पदार्थाकडे आपण अडसर म्हणून पाहत होतो, तो समोरच्याच्या वागण्यावरही परिणाम करतो.

हे सामंजस्य कशावर चालतं तेही बघा. २०१६ साली मिशिगनचे एरिक मार्टेन्स आणि लक्झेंबर्गचे महेश देसाई यांच्या गटाने निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले ओळखीचे, मोजके जिवाणू सोडले. काही उंदरांना तंतुमय चारा दिला, काहींना तंतू अजिबात नसलेला. तंतू मिळेनासे झाले तसे जिवाणू उपाशी बसले नाहीत, त्यांनी म्युसिनकडे मोर्चा वळवला. थर पातळ झाला. त्यानंतर आतड्याचा दाह करणारा उंदरांचा एक जंतू दिला, तेव्हा तंतूवाल्या उंदरांना जे सोसलं त्याने बिनतंतूवाले मरणाच्या दारी गेले. यावरून लगेच भाकरी-पालेभाजीचं कीर्तन लावायचं कारण नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि मोजके जिवाणू म्हणजे आपलं पोट नव्हे. पण जेवताना आपण एकटे जेवत नसतो, आणि पंगतीतल्या दुसऱ्यांना वाढलं नाही तर ते कुठे हात घालतात, हे त्या प्रयोगाने दाखवलं.

आता शेवटचं, आणि ते एका पेशीचं आहे. मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या प्रत्येक खाचेच्या तोंडाशी काही चषक पेशी असतात, इतर चषक पेशींहून निराळ्या. गोथनबर्गच्याच गटाने २०१६ साली त्या दाखवल्या. जिवाणूंचे तुकडे आतला थर ओलांडून इथवर आले की ही पेशी ते आत घेते, स्वतःजवळचं सगळं म्युसिन एकदम ओतते, शेजारच्या पेशींना ओतायला लावते, आणि स्वतः भिंतीतून सुटून बाहेर पडते. खाच धुतली जाते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज येत राहते. त्या रुग्णांकडून घेतलेले नमुने २०१९ साली गोथनबर्गमध्ये तपासले तेव्हा थराचे मूळ घटकच कमी भरले, आणि हा बदल जिथे सूज नव्हती अशा भागांतही आढळला. तोवर समज असा की सूज येते आणि म्हणून थर जातो. आता उलटा क्रम विचारात घ्यावा लागतो: थर आधी विरळ होत असेल, आणि सूज नंतर. औषधं आज तरी सूज उतरवणारीच आहेत. थर परत घालणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही.

बैठक मोडायला हरकत नाही, पाय सोडा. पोटाच्या तक्रारीने गेलात की डॉक्टर विचारतात, आव पडते का? आव म्हणजे हाच चिकट पदार्थ, शौचावाटे आलेला. उत्तर देताना माणसं टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघतात, बायको नवऱ्याकडे बघते. सांगून टाकावं: पडते, इतक्या दिवसांपासून, दिवसातून इतक्यांदा, रक्त असतं की नुसतीच.